तीन गोळ्या, पाच छिद्रं

३० जानेवारी १९४८, पहाटे साडेतीन. बिर्ला भवनात गांधीजी नेहमीच्या वेळी उठले. प्रार्थना झाली आणि काँग्रेसच्या नव्या घटनेचा मसुदा पुन्हा हातात आला. नोव्हेंबर १९३३ च्या हरिजन दौऱ्यात अमरावती-अकोल्याने जवळून पाहिलेला हा माणूस आता ७८ वर्षांचा होता. दहाच दिवसांपूर्वी त्याच्या सभेत बॉम्ब फुटला होता, तरी प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घ्यायला त्याची परवानगी नव्हती.

सकाळ. जुन्या दिल्ली स्टेशनच्या विश्रामकक्षात तिघं मराठी माणसं होती: नथुराम गोडसे, नारायण आपटे, विष्णू करकरे. ग्वाल्हेरहून मिळवलेलं बेरेटा पिस्तूल जवळ होतं. मॅगझिन सात गोळ्यांचं. हा आकडा ध्यानात ठेवा.

दुपारी चार. सरदार पटेल आले, सोबत मुलगी मणिबेन. बोलणं लांबलं. प्रार्थनेची वेळ पाचची, पण गांधीजींच्या नात्यातल्या आभाने घड्याळ दाखवलं तरी गांधीजी-पटेल दोघांपैकी कुणी उठेना.

पाच वाजून दहा मिनिटं. नात्यातलीच मनू आणि आभा यांच्या खांद्यांवर हात ठेवून गांधीजी हिरवळीकडे निघाले. उशीर झाल्याची त्यांना चीड होती.

पाच सतरा. गर्दीतून गोडसे पुढे आला, वाकला, मनूला बाजूला ढकललं आणि अगदी जवळून तीन गोळ्या झाडल्या. पिस्तूल जागीच जप्त झालं. आत चार जिवंत काडतुसं.

पुढच्या काही मिनिटांत डॉ. भार्गव आले. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

रात्री देहाला स्नान घातलं. शवविच्छेदन झालंच नाही. आज अमरावतीच्या इर्विन किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात गोळी लागून मेलेला माणूस आणला, तर घरच्यांनी कितीही हात जोडले तरी पोलीस पीएम चुकवू देत नाहीत. देशातल्या सर्वांत मोठ्या खुनात मात्र चिरफाड टळली. भावना समजते, पण पुराव्याच्या बाजूने पाहिलं तर ही चूकच होती, असं मला वाटतं.

३१ जानेवारी, सकाळ. कर्नल तनेजा यांनी देह तपासला, तो बाहेरून. गांधीजींचे सचिव प्यारेलाल यांनी जखमांच्या जागा इंचांत नोंदवल्या आहेत. एक बेंबीच्या अडीच इंच वर, मध्यरेषेच्या उजवीकडे साडेतीन इंचांवर. दुसरी सातव्या बरगडीखालच्या फटीत, मध्यरेषेपासून इंचभर उजवीकडे. तिसरी उजव्या स्तनाग्राच्या इंचभर वर. पहिल्या दोन गोळ्या पाठीतून बाहेर पडल्या, तिसरी फुप्फुसात अडकली. म्हणजे आत जाणारी तीन आणि बाहेर पडणारी दोन, अशी छिद्रं पाच.

छिद्रांवरून गोळ्या मोजण्याचा घोळ इथेच सुरू होतो. गोळी आत शिरते तिथे कातडी आधी ताणली जाते आणि मग फाटते. भोक लहान असतं, कडेला खरचटल्याची कडी उमटते. बाहेर पडताना कडा बाहेरच्या बाजूला उलटतात. पण हा फरक दरवेळी ठळक नसतो. धातूचं आवरण असलेली गोळी हाडाला न लागता मऊ भागातून गेली, तर बाहेरचं भोकही छोटं आणि नेटकं दिसू शकतं. शिवाय अंगावर शाल होती. दुमडलेल्या कापडातून एक गोळी गेली तरी ते उलगडल्यावर दोन-तीन भोकं दिसतात. जवळून झाडलेल्या गोळीची काजळीही कापडच अडवून ठेवतं. फोटोतले काळे डाग मोजून गोळ्यांची संख्या सांगणं म्हणून धोक्याचं. आणि कोणती गोळी आधी लागली, हे नुसत्या बाहेरच्या जखमेवरून ठरवणं त्याहून अवघड. गोळीची आतली वाट पाहायला शरीर उघडावं लागतं.

पावणेबाराच्या सुमारास अंत्ययात्रा निघाली. संध्याकाळी राजघाटावर चिता पेटली. आता फेरतपासणीचा प्रश्नच उरला नाही.

गांधीजींना चौथी गोळीही लागली होती, ही शंका पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. पिस्तुलात चार काडतुसं शिल्लक होती, मग चौथी जखम करणारी गोळी दुसऱ्या कुणाची, असा अर्जदाराचा सवाल. न्यायालयाने अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र नेमलं. त्यांनी कागदपत्रं चाळून फेरतपासाची गरज नसल्याचं कळवलं. मार्च २०१८ मध्ये न्या. शरद बोबडे, आपल्या नागपूरचे, आणि न्या. नागेश्वर राव यांच्या पीठाने अर्ज फेटाळला. सातातून तीन गेल्या, चार उरल्या. हिशेब जुळत होताच. चौथी जखम होती, हेच आधी सिद्ध व्हायला हवं होतं.