नित्यनियमाची नहर
(आमच्या आश्रयदात्या संताने गृहस्थास घालून दिलेला भक्तिमार्ग)

परमेश्वराच्या कृपेने आमचा धर्मग्राम आज ज्युबिलीचा मंगल दिवस पाहत आहे. अशा प्रसंगी मंदिर केव्हा उभे राहिले, धर्मगुरू कोण कोण होऊन गेले, शाळा कशी वाढली, ह्यांचे स्मरण करणे उचितच होय. परंतु प्रत्येक धर्मग्रामास आणखी एक इतिहास असतो व तो कोणत्याही वहीत लिहिला जात नाही. पहाटे उठून केलेली क्रुसाची खूण, सायंकाळी घरच्यांनी एकत्र म्हटलेली जपमाळ, निजण्यापूर्वी दिवसाचा घेतलेला हिशेब, ह्या लहान लहान कृत्यांचा तो इतिहास होय. मंदिर त्यांच्यावरच उभे असते. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आमच्या शहराचा आरंभ आठवावा. सन १६१० मध्ये मलिक अंबराने खडकी ह्या लहानशा गावाच्या जागी नवे नगर वसविले. पुढे १६५३ मध्ये औरंगजेबाने त्यास औरंगाबाद हे नाव दिले व २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. नगर वसले, पण पाणी मात्र उत्तरेकडील डोंगरांत होते. तेव्हा मलिक अंबराने जमिनीखालून मार्ग काढून ते पाणी वस्तीपर्यंत आणविले. हीच ती नहर-ए-अंबरी. वरून पाहणाऱ्यास ती दिसत नसे, परंतु शेकडो वर्षे लोक तिच्यावर जगले. पुढे नळ आले, नहरीची निगा राखणे मागे पडले, ठिकठिकाणी ती बुजली व फुटली. डोंगरातील झरा आटला म्हणून असे घडले नाही. रोजची देखभाल सुटली, म्हणून घडले. ही गोष्ट वाचकांनी मनात ठेवावी. तिच्याकडे आम्ही पुन्हा येऊ.

खडकीची उभारणी चालली होती त्याच सुमारास, दूर युरोपात, आल्प्स पर्वताच्या कुशीतील आनसी नगरात एक महागुरुस्वामी गृहस्थाश्रमी लोकांसाठी लिहीत होते. आमच्या धर्मप्रांताचे प्रमुख मंदिर ज्यांच्या नावे आहे ते संत फ्रान्सिस दि सेल्स हेच होत. त्यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी सव्हॉय प्रांतातील थोरेन्स येथे झाला. मुलाने कायदेपंडित व्हावे अशी पित्याची इच्छा. त्याप्रमाणे त्यांनी पॅरिस व पादुआ येथे अध्ययन केले. पॅरिसमध्ये असता, वयाच्या विशीच्या आत, आपला उद्धार होणारच नाही ह्या भयाने त्यांचे मन कित्येक आठवडे काळवंडून गेले होते. अखेर एका मंदिरात देवमातेच्या प्रतिमेपुढे गुडघे टेकून त्यांनी स्वतःस संपूर्णपणे देवाच्या हाती सोपविले, तेव्हा ते ओझे उतरले. निराशेचा असा अनुभव घेतलेल्या पुरुषाने पुढे दुसऱ्यांस शांतीचा मार्ग दाखवावा, ही देवाचीच योजना म्हणावयाची.

१५९३ मध्ये त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढील वर्षी ते शाब्ले प्रांतात गेले. तेथे त्यांचे प्रवचन ऐकावयास कोणी येईना. तेव्हा त्यांनी हाताने पत्रके लिहून लोकांच्या दारांच्या फटींतून आत सरकविली. १६०२ मध्ये ते जिनिव्हाचे महागुरुस्वामी झाले, परंतु जिनिव्हा नगर कॅथोलिकांस बंद असल्याने त्यांचा मुक्काम आनसी येथे असे. तेथे त्यांच्या नात्यातील एक कुलीन स्त्री, मादाम द शार्मोआझी, त्यांच्याकडे मार्गदर्शन मागू लागली. ती जोगीण नव्हती. पती, घर, पाहुणे, नोकरचाकर ह्या सर्वांच्या गराड्यात राहून देवाकडे कसे वाढावे, हा तिचा प्रश्न होता. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून लिहिलेल्या टिपणांतून ‘भक्तिमय जीवनाचा परिचय’ हा ग्रंथ तयार झाला व १६०९ साली प्रसिद्धीस आला.

त्या काळी पुष्कळांची अशी समजूत होती की, खरी भक्ती मठवासीयांसाठीच. संसारी माणसाने आज्ञा पाळाव्या आणि बाकीचे संन्याशांवर सोपवावे. संत फ्रान्सिस ह्यांनी ही समजूत चुकीची ठरविली. शिपाई, कारागीर, राजदरबारी, गृहिणी, विधवा, प्रत्येकाने आपापल्या स्थितीस शोभेल अशी भक्ती करावी, असे त्यांनी शिकविले. गृहस्थाने मठवासीयाप्रमाणे दिवसभर मंदिरात बसून कुटुंबाकडे दुर्लक्ष केले, तर ती भक्ती नव्हे. ज्या भक्तीने आपल्या कर्तव्यात बिघाड येतो ती खोटी, हा त्यांचा कस होता.

मग गृहस्थाने करावे तरी काय? त्यांनी घालून दिलेला नियम साधा आहे. सकाळी उठताच देवाचे उपकार मानावे व येणाऱ्या दिवसात मोह कोठे गाठील ह्याचा आधीच विचार करावा. थोडा वेळ प्रभूच्या चरित्रातील एखाद्या प्रसंगाचे मनन करावे. आणि बागेतून निघताना माणूस एखादे फूल दिवसभर हुंगावयास बरोबर घेतो, तसा त्या मननातील एक विचार घेऊन कामास लागावे. कामात असता मधून मधून मन देवाकडे उचलावे. त्यास चार शब्द पुरतात. रात्री आत्मपरीक्षण करावे. पापनिवेदन व पवित्र कम्युनियन ह्यांत खंड पडू देऊ नये. आणि मोठमोठ्या पराक्रमांची वाट न पाहता सौम्यता, धीर, नम्रता हे लहान सद्गुण रोज आचरावे, कारण त्यांची संधी रोज येते.

योगायोग असा की, त्याच वर्षांत आपल्या भाषेतही असेच एक कार्य चालले होते. १५७९ मध्ये गोव्यास आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी ओवी छंदात ‘ख्रिस्तपुराण’ रचले व ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्यात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. नवदीक्षितांस पुराणश्रवणाची सवय होती. ती सवय मोडून टाकण्याऐवजी फादरांनी तिच्यात तारणाची कथा ओतली. माणसाच्या अंगवळणी पडलेल्या रीतीतूनच श्रद्धा घरात शिरते, हे त्या इंग्रज साधूने ओळखले होते. आनसीच्या महागुरुस्वामींनी तेच निराळ्या रीतीने ओळखले.

आता ही नहर आमच्या गावांपर्यंत कशी पोहोचली ते पाहू. संत फ्रान्सिस ह्यांचे नाव धारण करणारा मिशनरी संघ १८३८ मध्ये फादर पिएर मारी मेर्मिए ह्यांनी आनसी येथेच स्थापिला. त्या संघाचे पहिले मिशनरी १८४५ मध्ये स्वदेश सोडून निघाले व १८४६ मध्ये विशाखापट्टणास उतरले. तेथून त्यांचे कार्य मध्य भारतात पसरले. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत निर्माण झाला. १९५५ मध्ये त्यातून अमरावती व १९७७ मध्ये अमरावतीतून आमचा औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला. निजामाच्या राज्यात असलेल्या ह्या मुलखात सव्हॉयच्या डोंगरांतून आलेले हे धर्मगुरू खेडोपाडी हिंडले. घोगरगाव परिसरातील फादर गुरियन जाकिए ह्यांचे नाव वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी आजही आदराने येते.

त्या काळची स्थिती लक्षात घ्यावी. गावे दूरदूर, रस्ते कच्चे, धर्मगुरू थोडे. एका गावी मिस्सा होऊन गेल्यावर पुढची मिस्सा कित्येक आठवड्यांनी होणार. मधल्या काळात श्रद्धा कोणी राखली? कॅटेकिस्ट मास्तरांनी, आणि घरातील आयाबायांनी. पुष्कळांस अक्षरओळख नव्हती, परंतु जपमाळ पाठ होती. दीडशे स्तोत्रे वाचता न येणाऱ्यांसाठी दीडशे नमो मारिया, अशी ह्या जपमाळेची जुनी ख्याती आहे. तिच्या रहस्यांतून निरक्षर माणूससुद्धा प्रभूचे सबंध चरित्र मनात फिरवितो. पुढे १९०३ मध्ये फादर हेन्री डोरिंग ह्यांनी ‘निरोप्या’ हे मासिक सुरू केले व वाचता येणाऱ्यांच्या घरी मराठीतून धर्मवाचन पोहोचू लागले. एकाने वाचावे व दहांनी ऐकावे, अशी तेव्हाची रीत होती.

तेव्हापासून पवित्र ख्रिस्तसभेने आमच्या वाटेत किती सोयी करून दिल्या आहेत! परमगुरुस्वामी दहावे पायस ह्यांनी १९०५ मध्ये वारंवार, किंबहुना नित्य कम्युनियन घेण्यास उत्तेजन दिले आणि १९१० मध्ये लहान मुलांसही त्या मेजाशी येण्याची वाट मोकळी केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेस स्थान दिले. त्यामुळे आज आम्ही मराठीत मिस्सा ऐकतो. त्याच परिषदेने १९६४ मध्ये पवित्रतेचे पाचारण सर्वांस आहे असे जाहीर केले. संत फ्रान्सिस ह्यांनी साडेतीन शतकांपूर्वी जे एका गृहिणीस सांगितले, ते आता अखिल ख्रिस्तसभेची शिकवण म्हणून उच्चारले गेले. संतांच्या निधनास चारशे वर्षे झाली, तेव्हा २८ डिसेंबर २०२२ रोजी परमगुरुस्वामी फ्रान्सिस ह्यांनी त्यांच्या स्मरणार्थ स्वतंत्र पत्र प्रसिद्ध केले.

असो. इतके सर्व मिळाले. आणि येथेच आम्हांस आपल्या मनास एक कठीण प्रश्न विचारावा लागतो. मंदिर दूर होते तेव्हा प्रार्थना घरात होती. आता मंदिर जवळ आले, आणि प्रार्थना घरातून निघून गेली काय? रविवारी आम्ही मिस्सेस येतो, सणास मंदिर भरून जाते; परंतु सोमवार ते शनिवार आमच्यापैकी कितीकांच्या घरी सर्वांचा आवाज एकत्र देवाकडे जातो? दुसऱ्यांस दोष देण्याकरिता आम्ही हे लिहीत नाही. लिहिणाऱ्यांच्या घरीही जपमाळ खुंटीवर टांगलेली आणि मोबाईल हातात, असे दिवस येऊन गेले आहेत.

कोणी म्हणेल, वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत पाळ्या चालतात. बाप रात्रपाळीस, आई इस्पितळात परिचारिका, मूल शिकवणीस. सायंकाळी सात वाजता सर्वांनी एकत्र बसावे कसे? अडचण खरी आहे, आणि आमच्या संताची शिकवण नेमकी येथेच उपयोगी पडते. नियम माणसाच्या स्थितीस जुळला पाहिजे. रात्रपाळीच्या मनुष्याने घरी परतल्यावर पाच मिनिटे द्यावी. परिचारिकेने एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे जाता जाता प्रभूचे नाव घ्यावे. आणि ज्या दिवशी सर्वांस सुटी असेल त्या दिवशी घराने एकत्र गुडघे टेकावे. एक दशक झाले तरी चालेल, पण चुकू नये.

दुसरा कोणी म्हणेल, रोज रोज तेच शब्द म्हटल्याने प्रार्थना यांत्रिक होते. ह्यासही संतांचे उत्तर आहे. प्रार्थनेत गोडी वाटणे ही देवाची देणगी, आणि कोरडेपणातही जागेवर टिकून राहणे ही आमची प्रीती. आई रोज तीच भाकरी थापते; म्हणून तिची माया यांत्रिक झाली असे कोणी म्हणत नाही.

धर्मबंधुभगिनींनो, ज्युबिलीच्या ह्या वर्षी मोठे संकल्प पुष्कळ होतील. आमची विनंती लहान आहे. सकाळी क्रुसाची खूण व एक वाक्य अर्पणाचे, दिवसातून एकदा शुभवर्तमानातील चार ओळी, जेवणापूर्वी आभार, सायंकाळी जपमाळेचे निदान एक दशक, निजताना तीन प्रश्न: आज देवाने काय दिले, मी कोठे चुकलो, उद्या कोणाची क्षमा मागावी. महिन्यास एकदा पापनिवेदन. शुक्रवारी एखादा त्याग करून वाचलेले पैसे गरजवंतास. इतके एका कुटुंबाने वर्षभर पाळले, तर पुढील ज्युबिलीस सांगण्यासारखा इतिहास त्या घरात घडलेला असेल.

नहर बुजते ती एका रात्रीत नव्हे. एका दिवसाची निगा सुटते, मग दुसऱ्या दिवसाची. ती मोकळीही तशीच होते. डोंगरातील झरा आजही वाहतो आहे. आमच्या वडिलांनी अंधारात, अक्षरओळख नसता, ही वाट आमच्यापर्यंत मोकळी राखली. ती आमच्या मुलाबाळांपर्यंत मोकळी राखण्याचे ऋण आमच्यावर आहे, आणि ते फेडण्यास आज सायंकाळीच आरंभ करिता येईल.

संत फ्रान्सिस दि सेल्स, आम्हांसाठी व आमच्या घरांसाठी विनंती करा.