पंढरीचे दार उघडले तेव्हा

श्रीविठ्ठल हे अवघ्या महाराष्ट्राचे दैवत. आषाढी-कार्तिकीस गावोगावच्या दिंड्या पंढरीची वाट धरतात, हा क्रम शेकडो वर्षांचा आहे. परंतु त्याच वारकऱ्यांपैकी कित्येकांना महाद्वाराशीच थांबून कळसाला हात जोडावे लागत व तसेच माघारी फिरावे लागे, ही गोष्टही तितकीच जुनी. संत चोखामेळा हे त्यांतलेच. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून त्यांचा अंत झाला व नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. समाधी दारासमोर झाली. दार मात्र त्यांच्या माणसांना पुढे सहाशे वर्षे बंदच राहिले.

ते उघडावे म्हणून साने गुरुजी पुढे झाले. कोकणातील पालगड येथे २४ डिसेंबर १८९९ रोजी जन्मलेल्या गुरुजींचे नावच पांडुरंग. अमळनेरच्या शाळेत त्यांनी शिक्षकाचे काम केले, पुढे स्वातंत्र्यासाठी तुरुंगवास सोसला. 'श्यामची आई' लिहिणारा हा मनुष्य इतका हळवा, की डोळ्यांत पाणी यावयास वेळ लागत नसे. असा माणूस एवढ्या जुन्या रूढीपुढे उभा राहील, असे वरवर पाहणाऱ्यास वाटले नसते. परंतु विठ्ठल सर्वांची माउली आहे, आणि माउली लेकरांत भेद करीत नाही, ही त्यांची श्रद्धा होती. बळ तेथूनच आले.

१९४६ साली त्यांनी उपोषणाचा निश्चय केला, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना थोडे थांबविले. आधी लोकांपुढे जावे, असे ठरले. सेनापती बापट सोबत निघाले. सेवादलाची तरुण मुले गाणी व पोवाडे घेऊन गावोगाव हिंडली. या दौऱ्यात अनेक गावांनी आपली देवळे व पाणवठे सर्वांस खुले केले. त्या गावकऱ्यांची नावे फारशी कोठे लिहिलेली नाहीत, पण त्यांचे धैर्य लहान नव्हते. पुढारी भाषण करून पुढच्या गावी जातो; गावकऱ्यास त्याच आळीत, त्याच भाऊबंदांत दिवस काढावयाचे असतात!

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात चंद्रभागेच्या काठी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. वारकरी परंपरेतील मठानेच जागा दिली, हे विशेष. विरोध करणारेही पुष्कळ होते. सर्वांत कठीण प्रसंग निराळाच आला. ज्यांना गुरुजी गुरुस्थानी मानीत त्या महात्मा गांधींनी, हकिकत नीट न पोचल्यामुळे, उपोषण सोडण्याविषयी तार केली. गुरुजींना यातना झाल्या, पण त्यांनी विनयपूर्वक नकार कळविला. विरोधकांचे बोल सोसता येतात. आपल्या माणसाचा शब्द मोडणे फार जड. त्या वेळी भोवतीची माणसे हलली नाहीत.

दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली. बडवे मंडळींकडून मंदिर खुले करण्याचे आश्वासन मिळाले आणि १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. चोखोबांची समाधी आजही महाद्वारासमोर आहे. नामदेव पायरीला वाकून वारकरी दर्शनास जातो, तेव्हा त्याला दारात कोणी जात विचारीत नाही.