कूड, पेटी आणि तियात्र

औरंगपुऱ्यातील महात्मा फुले चौकातून जाता-येता जोतिराव आणि सावित्रीबाई यांच्या पुतळ्यांचे दर्शन आम्हांस नित्याचेच आहे. सरस्वती भुवनच्या परिसरामुळे नाटक हाही येथील नेहमीच्या बोलण्यातला विषय. परंतु जोतिरावांनी १८५५ साली स्वतः एक नाटक लिहिले होते, याचे स्मरण सहसा कोणी देत नाही. ‘तृतीय रत्न’ हे त्याचे नाव. जोशीबुवाच्या बोलण्याला भुलून नागवले गेलेले एक कुणबी जोडपे आणि त्यांच्याशी बोलून त्यांचे डोळे उघडणारा एक पाद्री, अशी त्याची मांडणी. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले व जोतिरावांच्या हयातीत ते रंगभूमीवर आले नाही.

कष्टकऱ्याचे दुःख कष्टकऱ्यांनीच तिकीट काढून पाहावे, असे नाटक पुढे सदतीस वर्षांनी मुंबईत उभे राहिले. ते उभे करणारे आपलेच धर्मबंधू होते आणि ते सारे घर सोडून आलेले होते. मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्यांना फारशी जागा मिळालेली नाही. ते कोकणीत बोलत होते हे खरे. पण गिरगावच्या वेशीवर जन्मलेली कला मराठी माणसाला इतकी परकी का राहावी, हे आम्हांस कधी उमगले नाही.

१७ एप्रिल १८९२. तो पुनरुत्थानाचा रविवार होता. मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात ‘इटालियन भुरगो’ हा खेळ झाला आणि गोमंतकीय ‘तियात्र’ जन्मास आले. त्याचे कर्ते लुकाझिन रिबैरो हे बारदेशातील आसगावचे. पोटासाठी मुंबईस आलेला हा तरुण एका इटालियन ऑपेरा मंडळीबरोबर काही काळ हिंडला. मंडळी पुढे निघून गेली, तेव्हा तिच्याकडील पोशाख त्याने विकत घेतले व चार जोडीदार जमवून खेळ रचला. उष्ट्या पोशाखांवर उभी राहिलेली ही रंगभूमी! त्या जोडीदारांपैकी मडगावच्या बोर्डा वाड्यावरील जुआंव आगोस्तीन फर्नांडिस यांनी पुढे तियात्राला खरे रूप दिले. पोर्तुगीज ‘तियात्रु’ शब्दावरून त्याचे नाव पडले. सहा-सात ‘परदे’, म्हणजे अंक, आणि प्रत्येक दोहोंच्या मध्ये कथेशी संबंध नसलेली ‘कांतारे’. कथा कोणतीही असो, गावचा पाऊस, भाताचा भाव, सरकारची लबाडी, सारे काही या गाण्यांतून बोलता येई.

हे लोक मुंबईत आले कसे? सासष्टी आणि बारदेशात जमीन भाटकारांच्या हाती. मुंडकाराचे घरही भाटकाराच्याच जमिनीत. त्यात १८७८ साली इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात तह झाला, मिठाचा मक्ता इंग्रजांकडे गेला आणि मिठागरांवर जगणारी कुटुंबे उघडी पडली. मुरगावहून रेल्वे सुरू झाली आणि वाट सोपी झाली. पुरुष मुंबईस येऊन आचारी, बटलर, बँडवाले झाले. पुष्कळसे आगबोटींवर खलाशी म्हणून चढले. त्यांस ‘तारवटी’ म्हणत. तारू हा शब्द मराठीसही परका नाही. बायका आया म्हणून परक्यांची मुले सांभाळू लागल्या. त्यांची स्वतःची मुले गावी आजीपाशी वाढत होती.

या पुरुषांनी धोबी तलाव, गिरगाव, माझगाव या भागांत ‘कूड’ उभारले. कूड म्हणजे खोली. प्रत्येक गावाचा आपापला कूड. भिंतीशी गावच्या आश्रयदात्या संताची वेदी, रात्री ठरल्या वेळी जपमाळ, आणि जपमाळेस गैरहजर राहणाऱ्यास बोलणी. जमिनीवर पथाऱ्या. भिंतीलगत लोखंडी व लाकडी पेट्यांची रांग, प्रत्येकीवर मालकाचे नाव. मालक वर्षभर समुद्रावर असला तरी पेटी तेथेच राही. तीच त्याची शहरातील जागा. ज्यास लिहिता येत नसे त्याचे पत्र दुसरा लिही. बोटीवर काम मिळेपर्यंत बेकार असलेल्याचे पोट कूडच सांभाळी. आणि गावच्या सणाच्या दिवशी, गावी जाता न आलेली माणसे त्याच खोलीत गावचा सण साजरा करीत.

तियात्राचा प्रेक्षक तो हाच. वाद्यवृंदातील माणसेही यांतलीच. गोव्याच्या प्रत्येक मोठ्या चर्चला जोडलेल्या शाळेत मेस्त मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवी. गायकवृंदासाठी दिलेले ते शिक्षण पुढे मुंबईत तियात्राच्या आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांना पुरून उरले.

जुआंव आगोस्तीन यांनी १९०४ साली ‘भाटकारा’ हे तियात्र आणले. विषय जमीनदार व मुंडकार यांचा. त्यात त्यांची पत्नी रेजिना रंगमंचावर आली. तियात्रातील ती पहिली स्त्री. त्या काळी हे दोन्ही धारिष्ट्याचेच होते. आमच्या मते या नाटकाचे खरे मर्म ते कोठे झाले यात आहे. गावात भाटकाराच्या अंगणात टोपी काढून उभा राहणारा माणूस मुंबईत तिकीट काढून खुर्चीत बसला होता आणि समोर भाटकारावर हसत होता. घर सोडण्याने त्याचे पुष्कळ हिरावले, पण बोलण्याची मोकळीक त्याला तेथेच मिळाली. पोर्तुगीज शिकलेल्या वर्गाने या खेळांना गावंढळ म्हणून नाक मुरडले. आमच्या धर्मगुरूंपैकीही काहींना त्यातील थट्टा रुचली नाही. तियात्र मात्र टिकले. पुढे आखातात गेलेल्या गोवेकरांमागोमाग तेथेही पोचले, आणि २००९ साली गोव्यात त्याची सरकारी अकादमी स्थापन झाली.

पेट्यांच्या त्या रांगेची आठवण आम्हांस अलीकडे एका दूरच्या कॅथॉलिक देशाविषयी वाचताना झाली. फिलिपाईन्समध्ये १९७४ पासून माणसे परदेशी कामास पाठविणे हे राज्यकर्त्यांचे धोरणच झाले. १९८८ साली राष्ट्राध्यक्षा कोराझोन अक्विनो यांनी हाँगकाँगमधील मोलकरणींना ‘नवे वीर’ म्हटले. १७ मार्च १९९५ रोजी फ्लोर कॉन्टेम्प्लासिऑन या मोलकरणीस सिंगापुरात फाशी झाली, तेव्हा त्या वीरांचे रक्षण कोण करतो, हा प्रश्न साऱ्या देशाने विचारला. तेथील लोक परदेशातून घरी साबण, डबाबंद अन्न, मुलांचे बूट भरून पुठ्ठ्याची मोठी खोकी पाठवितात. अल्फ्रेडो आणि इसाबेल अक्विलिझान हे कलावंत दांपत्य २००६ साली स्वतःच ऑस्ट्रेलियास स्थलांतरित झाले. अशा खोक्यांतून त्यांनी मोठमोठ्या रचना उभ्या केल्या. झायझा बाकानी हिची हकिकत त्याहून बोलकी आहे. हाँगकाँगमध्ये आई जेथे मोलकरीण होती, त्याच घरी ही मुलगी कामास लागली. मालकिणीकडून उसने पैसे घेऊन तिने कॅमेरा घेतला आणि आपल्यासारख्याच बायकांची छायाचित्रे काढली; २०१८ साली त्यांचे पुस्तक निघाले. रिबैरोने पोशाख घेतले, हिने कॅमेरा.

आता आपल्याकडे पाहावे. दसरा-दिवाळी झाली की मराठवाड्यातील गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीस निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजतात. माणसाची मोजणी हत्याराने! आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबेही त्यांत असतात. त्यांचा नाताळ फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीत होतो. गोवेकराला कूड होता, वेदी होती, पेटी ठेवण्याची भिंत होती. कोपी हंगाम संपला की मोडते, आणि पुढच्या वर्षी शेजारी कोण असेल याचा नेम नाही.

काही वर्षांपूर्वी नाताळाच्या सुमारास आम्ही धर्मगुरूंबरोबर अशा एका वस्तीवर मिस्सेसाठी गेलो होतो. मिस्सा संपल्यावर एका वयस्क बाईने ओव्या म्हटल्या. मारियामाय नि योसेफ उचल घेऊन बैलगाडीने निघाले आहेत, वाटेत तिचे दिवस भरत आले आहेत, कोणी उतरू देत नाही. शेवटी ज्या कोपीत बाळ होते ती पाचटाची, आणि बाळाच्या अंगाला पाचटाची कूस लागू नये म्हणून माय पदर अंथरते. ओव्या तिच्या स्वतःच्या होत्या. आम्ही माना डोलावल्या, चहा घेतला आणि अंधार पडायच्या आत निघालो. आमच्या खिशात पेन होते.

दुसऱ्या वर्षी वही घेऊन त्याच कारखान्यावर गेलो. ती टोळी त्या हंगामात कर्नाटकात गेली होती, एवढेच मुकादमाकडून कळले.