सयाम ते थायलंड : बदनामीचा गुन्हा आणि परदेशी रहिवासी

बदनामी हा दोन व्यक्तींमधील दिवाणी वाद मानावा, की शासनाने तुरुंगवासाची शिक्षा द्यावी असा गुन्हा, या प्रश्नाचा अभ्यास करताना थायलंडचा, म्हणजे पूर्वीच्या सयामचा, इतिहास विशेष उद्बोधक ठरतो. कारण तेथील परदेशी रहिवाशाचे कायद्यापुढील स्थान शंभर वर्षांच्या आत पूर्णपणे पालटले. ब्रिटनने 1855 मध्ये केलेल्या बाउरिंग तहाने आणि पुढच्याच वर्षी अमेरिका व फ्रान्स यांनी केलेल्या तशाच तहांनी त्या देशांचे नागरिक सयामी न्यायालयांच्या कक्षेबाहेर गेले, आणि त्यांच्यावरील खटले त्यांच्याच देशाच्या वाणिज्यदूतापुढे, म्हणजे कॉन्सलपुढे, चालू लागले.

या संरक्षणालाही मर्यादा होत्या. ‘बँकॉक रेकॉर्डर’ हे सयाममधील आद्य वृत्तपत्र 1844 मध्ये काढणारे अमेरिकी मिशनरी डॉक्टर डॅन बीच ब्रॅडली यांनी, फ्रेंच कॉन्सल ओबारे यांनी राजा मोंगकुट यांच्याकडे एका वरिष्ठ मंत्र्याला दूर करण्याची मागणी केल्याचे वृत्त छापले, तेव्हा ओबारे यांनी अमेरिकी कॉन्सलच्या न्यायालयात त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. फ्रान्सशी वितुष्ट नको म्हणून सयामी अधिकारी साक्षीला आले नाहीत, ब्रॅडली हरले आणि 1867 मध्ये वृत्तपत्र बंद पडले. दंडाच्या रकमेपेक्षा, सत्य ठाऊक असलेल्यांना उघडपणे बोलता न येणे हेच ब्रॅडलींना अधिक भोवले.

सयामने 1908 मध्ये आधुनिक दंडसंहिता स्वीकारली आणि परदेशीयांचे हे विशेषाधिकार टप्प्याटप्प्याने कमी होत 1930 च्या दशकाच्या अखेरीस संपुष्टात आले. एका सार्वभौम राष्ट्राच्या भूमीवर सर्वांना एकच कायदा लागू व्हावा, हे न्याय्यच होते. प्रश्न होता तो त्या कायद्याच्या स्वरूपाचा. 1957 पासून अमलात असलेल्या संहितेच्या कलम 326 नुसार बदनामीसाठी एक वर्षापर्यंत, तर कलम 328 नुसार ती छापून वा अन्य मार्गाने प्रसृत केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विधान खरे असल्याचा बचाव कलम 330 मान्य करते, पण खासगी बाबींविषयीचे विधान सार्वजनिक हिताचे नसेल, तर ते सिद्ध करण्याची मुभाच देत नाही. यात 2007 च्या संगणक गुन्हे कायद्याची भर पडली.

फिर्यादी पोलिसांना वगळून थेट न्यायालयात खटला दाखल करू शकतो, ही तेथील कार्यपद्धती परदेशी रहिवाशाला विशेष जाचक ठरते. आरोपीला जामीन मिळाला तरी न्यायालय त्याचा पासपोर्ट जमा करून घेऊ शकते; मग खटला संपेपर्यंत देश सोडता येत नाही आणि रोजगार व व्हिसा दोन्ही टांगणीला लागतात. फुकेत येथील एका वृत्तस्थळाचे ऑस्ट्रेलियन संपादक ॲलन मॉरिसन आणि त्यांच्या थाई सहकारी यांच्यावर, रोहिंग्या निर्वासितांच्या तस्करीविषयीचा रॉयटर्सच्या वृत्तातील परिच्छेद उद्धृत केल्याबद्दल, नौदलाने खटला भरला. 1 सप्टेंबर 2015 रोजी दोघे निर्दोष सुटले. फिनलंडमधील ‘फिनवॉच’ या संस्थेच्या 2013 च्या अहवालासाठी अननस प्रक्रिया कारखान्यातील स्थलांतरित कामगारांच्या स्थितीचे संशोधन करणारे ब्रिटिश कार्यकर्ते अँडी हॉल यांना 2016 मध्ये तीन वर्षांची स्थगित शिक्षा झाली, आणि त्यांनी देश सोडला. अपील न्यायालयाने 2018 मध्ये दिलेली निर्दोष मुक्तता सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये कायम केली. म्हणजे एका अहवालाचा निवाडा होण्यास सात वर्षे लागली.

दुष्ट हेतूने दाखल केलेला खासगी खटला न्यायालयाने फेटाळावा, अशी तरतूद 2019 मध्ये थायलंडच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत झाली, ती स्वागतार्ह आहे. तथापि गुन्हा कायम असल्याने धोकाही कायम आहे. भारतानेही भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीसाठी दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद ठेवली असल्याने, हा प्रश्न केवळ थायलंडचा मानून चालणार नाही. प्रतिष्ठेचे रक्षण आवश्यक आहे, पण त्यासाठी नुकसानभरपाईचा दिवाणी मार्ग पुरेसा आहे. श्रीलंकेने 2002 मध्ये आणि इंग्लंडने 2010 मध्ये बदनामी गुन्ह्यांच्या यादीतून वगळली, तोच मार्ग थायलंडने आणि भारतानेही अनुसरला पाहिजे.