हॅस्केल भाषेतील पॅकेजव्यवस्थेचा विकास व अध्येत्यांच्या अडचणी

फलनात्मक संगणकभाषांचे मूलतत्त्व थोडक्यात सांगावयाचे तर असे की, एखाद्या फलनास तेच आदान दिले असता प्रत्येक वेळी तेच मूल्य मिळाले पाहिजे. दरम्यान बाहेर काय घडले ह्याचा त्या मूल्यावर परिणाम होता कामा नये. हॅस्केल ही ह्या तत्त्वाचे अत्यंत काटेकोर पालन करणारी भाषा होय. तथापि तिच्याच अध्येत्यांना दीर्घकाळ असा अनुभव येत राहिला की, काल चालणारी आज्ञावली तीतील एक अक्षरही न बदलता आज चालेनाशी होई. ह्या विसंगतीचे मूळ भाषेच्या तत्त्वांत नसून तिच्या लायब्ऱ्यांची जोपासना व साठवण करण्याच्या पद्धतीत होते, असे तिच्या इतिहासावरून दिसून येते.

सप्टेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत पोर्टलँड येथे फलनात्मक भाषांसंबंधी परिषद भरली. परस्परांशी पुष्कळ साम्य असलेल्या अशा डझनाहून अधिक भाषा त्या वेळी निरनिराळ्या संशोधनकेंद्रांत होत्या. त्यांच्याऐवजी एक सामाईक भाषा घडविण्यासाठी समिती नेमण्याचे ठरले, आणि १ एप्रिल १९९० रोजी हॅस्केलचे पहिले विवरण प्रसिद्ध झाले. पुढे १९९९ मध्ये ‘हॅस्केल ९८’ ही स्थिर आवृत्ती आली. ह्या विवरणांनी भाषेचे व्याकरण आणि काही मोजक्या लायब्ऱ्या निश्चित केल्या; परंतु दुसऱ्याने लिहिलेली लायब्ररी कशी मिळवावी, कशी बांधावी व कोठे ठेवावी, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहिला. भाषा संशोधकांच्या लहानशा वर्तुळात होती तोवर ही उणीव फारशी जाणवली नाही.

ह्या उणिवेची पूर्ती करण्याचा पहिला व्यापक प्रयत्न म्हणजे ‘कबाल’ होय. आयझॅक जोन्स ह्यांनी २००५ मध्ये मांडलेल्या ह्या योजनेनुसार प्रत्येक पॅकेजासोबत त्याचे नाव, आवृत्ती आणि त्याला लागणारी इतर पॅकेजे नमूद करणारे एक वर्णनपत्र असावे, असे ठरले. २००७ मध्ये ‘हॅकेज’ हे सार्वजनिक भांडार सुरू झाले, आणि कोणाही लेखकास आपली लायब्ररी सर्वांपुढे ठेवणे सुलभ झाले.

सोय वाढली तशा अडचणीही वाढल्या. त्याच वर्षी ग्लासगो कंपायलरच्या ६.८ ह्या आवृत्तीत ‘बेस’ ह्या मूळ लायब्ररीचे विभाजन होऊन तिचे अनेक भाग स्वतंत्र पॅकेजे बनले. पूर्वी ‘बेस’मध्ये असलेले ‘डेटा मॅप’ हे मॉड्यूल आता ‘कंटेनर्स’ ह्या पॅकेजात गेले. परिणामी ज्या वर्णनपत्रांत केवळ ‘बेस’चा उल्लेख होता त्यांची बांधणी थांबली, आणि मॉड्यूल सापडत नाही, ते अमुक एका लपलेल्या पॅकेजात आहे, अशा अर्थाचा संदेश येऊ लागला. मॉड्यूल संगणकावर असतेच. वर्णनपत्रात पॅकेजाचे नाव घालताच दोष दूर होतो. परंतु ‘सापडत नाही’ एवढेच वाचून नवशिका कंपायलर पुन्हा बसविण्याच्या मागे लागला, तर त्याचा दिवस व्यर्थ जाई.

ह्याहून गंभीर दोष साठवणीच्या पद्धतीत होता. एका पॅकेजाच्या एका आवृत्तीची एकच बांधणी सामाईक नोंदवहीत राहू शके. समजा, ‘क’ हे पॅकेज ‘ख’च्या एका बांधणीवर उभारलेले आहे. पुढे ‘ग’ ह्या तिसऱ्या पॅकेजाच्या गरजेनुसार ‘ख’ची तीच आवृत्ती निराळ्या आधारांवर पुन्हा बांधली गेली, तर जुनी बांधणी नाहीशी होऊन ‘क’ निराधार होई. नवे पॅकेज बसविताना जुने मोडण्याच्या ह्या प्रकारास हॅस्केलच्या वर्तुळात ‘कबालचा नरक’ असे नाव पडले. ज्या भाषेत एकदा दिलेले मूल्य बदलता येत नाही, तिचेच भांडार असे क्षणोक्षणी बदलत होते.

तिसऱ्या प्रकारचे दोष अधिक फसवे होते, कारण ते अध्येत्याच्या स्वतःच्या तर्कदोषासारखे दिसत. २००८ मध्ये ‘रिअल वर्ल्ड हॅस्केल’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ‘बेस’च्या चौथ्या आवृत्तीने अपवाद हाताळण्याची पद्धत बदलली, आणि ग्रंथातील काही उदाहरणे जशीच्या तशी उतरविली असता प्रकार संदिग्ध असल्याचा आक्षेप येऊ लागला. २०१५ मधील कंपायलरच्या ७.१० ह्या आवृत्तीने प्रत्येक ‘मोनॅड’ हा ‘ॲप्लिकेटिव्ह’ही असला पाहिजे, असा नियम घातला, त्यामुळे जुन्या पाठांतील मोनॅडची उदाहरणे अपुरी ठरली. हे बदल सिद्धान्तदृष्ट्या समर्थनीय होते. परंतु पुस्तकाबरहुकूम लिहूनही प्रकारदोष दिसला की, मोनॅड आपल्याला उमगलाच नाही अशी अध्येत्याची समजूत होणे स्वाभाविक होते. येथे हानी वेळेपेक्षा आत्मविश्वासाची अधिक होती.

उपाय क्रमाक्रमाने सापडले. परस्परांशी जुळणाऱ्या आवृत्त्यांचे संच प्रसिद्ध करणारा ‘स्टॅकेज’ हा उपक्रम २०१२ मध्ये पुढे आला. २०१३ मध्ये कबालमध्ये प्रत्येक प्रकल्पासाठी अलग भांडार ठेवण्याची सोय झाली. २०१५ मध्ये ‘स्टॅक’ हे साधन आले. मूलगामी उपाय मात्र निराळ्या दिशेने आला. एल्को डोल्स्ट्रा ह्यांनी २००६ मध्ये उट्रेख्ट विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात असे प्रतिपादिले होते की, बांधणी हेही एक फलनच मानावे: तिची सर्व आदाने मिळून तिची ओळख ठरावी, आणि एकदा झालेली बांधणी कधीही बदलू नये. त्यांच्या ‘निक्स’ ह्या व्यवस्थेच्या धर्तीवर कबालमध्ये २०१६ पासून नवी बांधणीपद्धती प्रयोगार्थ उपलब्ध झाली, व २०१९ मधील ३.० ह्या आवृत्तीत तीच मूळ पद्धती ठरली. ‘ख’च्या दोन बांधण्या आता शेजारीशेजारी सुखाने नांदू शकतात.

तथापि ह्या उपायाची मर्यादा लक्षात घेणे अवश्य आहे. बांधण्यांचा परस्परनाश त्याने थांबविला. पाठ्यपुस्तक व लायब्ररी ह्यांच्या काळांतील अंतर त्याने मिटत नाही. म्हणून दोष उद्भवताच तो कोणत्या थरातील आहे हे प्रथम ठरविणे इष्ट होय. मॉड्यूल न सापडणे हा बहुधा वर्णनपत्राचा वा न बसविलेल्या पॅकेजाचा प्रश्न असतो. आवृत्त्यांचा मेळ न बसणे हा पॅकेजांनी घातलेल्या मर्यादांचा. आणि प्रकारदोष हा अध्येत्याचा असू शकतो, तसाच कालबाह्य पाठाचाही. हॅस्केल शिकविणाऱ्याने कंपायलरची व पॅकेजांची आवृत्ती पाठाच्या आरंभीच नोंदविली, तर ह्या अखेरच्या दोहोंतील भेद विद्यार्थ्यास स्वतः ओळखता येईल. जी आदाने नोंदलेली नाहीत त्यांच्यापासून तेच मूल्य पुन्हा मिळण्याची अपेक्षा धरणे हे ह्या भाषेच्या मूलतत्त्वाशीच विसंगत आहे.