बाटलीतलं जंगल आणि नाग नदी: वर्गातल्या एका प्रतिकृतीचा इतिहास

आजचा विषय तसा शाळकरी वाटेल. प्लास्टिकच्या बाटलीत माती, पाणी, रोपं घालायची आणि मुलांना परिसंस्था शिकवायची. पण या बाटलीला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपल्या वाडीच्या नाल्यापर्यंत येऊन पोचतो.

सुरुवात होते लंडनमध्ये, १८२९ च्या सुमारास. नॅथॅनिएल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. कारखान्यांच्या धुरामुळे त्यांच्या अंगणातले नेचे जगत नसत. एका पतंगाचा कोश फुटताना बघावा, म्हणून त्यांनी तो ओलसर मातीत ठेवून बाटली बंद केली. काही दिवसांनी त्या मातीतून नेचा आणि गवत उगवलं! मातीतलं पाणी वाफ होऊन काचेवर जमायचं आणि परत मातीत उतरायचं. १८३३ मध्ये वॉर्ड यांनी अशाच काचपेट्यांतून रोपं जहाजाने थेट सिडनीला पाठवली, आणि ती जगली. पुढे रॉबर्ट फॉर्च्युनने चीनमधून चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आणली, तीही या पेट्यांतूनच. म्हणजे बघा, आपण जिला शैक्षणिक साधन म्हणतो, ती आधी व्यापाराची पेटी होती.

'इकोसिस्टिम' हा शब्द मात्र बराच नंतरचा. आर्थर टॅन्सली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने तो १९३५ मध्ये छापला. सजीव आणि त्यांच्या भोवतीची माती, पाणी, हवा हे सगळं मिळून एकच व्यवस्था, असं त्याचं म्हणणं. ते समजवायला बंद बाटली फार सोयीची. पण तिच्यात एक उणीव राहते. झाकण लावलं की माणूस बाहेर! मूल काचेतून नुसतं बघत बसतं.

आता इथून जवळच, वर्ध्याला जाऊ. टॅन्सलीच्या लेखानंतर दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समिती नेमली गेली. त्यातून नई तालीम उभी राहिली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे स्पष्ट सांगतो. पण सेवाग्रामच्या शाळेत काय चालायचं? मुलं सफाई करायची, मैल्याचं आणि कचऱ्याचं खत करायची, ते खत भाजीच्या वाफ्यात, भाजी स्वयंपाकघरात. परिसंस्था हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता, पण चक्र पूर्ण होत होतं आणि मुलांचे हात त्या चक्राच्या आत होते.

पुढे २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. चांगलंच झालं. पण अनेक घरांत तो विषय 'प्रोजेक्ट' होऊन आला: थर्माकोलचा डोंगर, निळ्या कागदाची नदी, आदल्या रात्री आईबाबांनी चिकटवलेली. थर्माकोलचं झाड वाळत नाही, म्हणून ते काही शिकवतही नाही.

याच सुमारास अमेरिकेत, विस्कॉन्सिन विद्यापीठात, शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्यांपासून दुमजली प्रतिकृती तयार झाली. वरच्या बाटलीत माती आणि रोपं, खालच्या बाटलीत तळ्याचं पाणी, मधल्या बुचाला भोक. वर घातलेलं पाणी झिरपत खाली येतं. अशा दोन जोड्या करा. एकीत साधं पाणी घाला, दुसरीत चिमूटभर युरिया विरघळवून घाला. उजेडात ठेवा, आणि कुठल्या जोडीतलं खालचं पाणी आधी हिरवं होतं ते मुलांनाच लिहून ठेवू द्या.

ही दुमजली बाटली म्हणजे आपला नकाशा आहे हो! नाग नदी, जिच्यावरून नागपूरला नाव मिळालं, ती इथल्याच लाव्हाच्या टेकड्यांतून निघते आणि अंबाझरी तलावातून पुढे शहरात जाते. १८७० मध्ये बांधलेला हा तलाव एकेकाळी नागपूरला पाणी पाजत होता. आज तिथे जलपर्णी माजते. वाडीच्या बाजूचं सांडपाणी त्याच उताराने खाली जातं. म्हणजे आपण वरच्या बाटलीत राहतो. वर राहणाऱ्याला खालचं पाणी दिसत नाही, इतकंच.

बाटलीत सगळंच मावत नाही, हेही खरं. तिच्यात नगरपरिषद नाही, घरांची वस्ती नाही, सांडपाणी शुद्ध करायला लागणारा पैसा नाही. म्हणून शिक्षकांना एक सुचवतो. एका शनिवारी मोठ्यांना सोबत घेऊन मुलांना टेकडीपासून तलावापर्यंत न्या. तीन ठिकाणचं पाणी मोठ्यांनीच तीन पारदर्शक बाटल्यांत भरावं, झाकण घट्ट लावावं, जागेचं नाव लिहावं, आणि त्या बाटल्या वर्गातल्या प्रतिकृतीशेजारी ठेवाव्यात. मुलं जे प्रश्न विचारतील त्यांतले काही नगरपरिषदेला उद्देशून असतील. ते खोडू नका. पत्र लिहायला लावा.