दुर्गा खोटे

दुर्गा खोटे (१४ जानेवारी, १९०५, मुंबई – २२ सप्टेंबर, १९९१) या मराठी व हिंदी चित्रपटांतील तसेच मराठी रंगभूमीवरील ख्यातनाम अभिनेत्री होत्या. 'अयोध्येचा राजा' या प्रभात फिल्म कंपनीच्या पहिल्या बोलपटाच्या त्या नायिका होत. सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातील स्त्रीने चित्रपटात काम करणे कमीपणाचे मानले जात असे, त्या काळात त्यांनी हा व्यवसाय पत्करला आणि सुमारे पन्नास वर्षे त्यावर उपजीविका केली.

प्रारंभिक जीवन

दुर्गाबाईंचे माहेरचे नाव विठा लाड. लाड कुटुंब मूळचे गोव्याचे. वडील पांडुरंग शामराव लाड, आई मंजुळाबाई. घरची सुबत्ता होती आणि मुलींच्या शिक्षणाला मोकळीक होती. कॅथीड्रल हायस्कूलमध्ये शालेय शिक्षण झाल्यावर त्यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्रवेश घेतला. पुढे विश्वनाथ खोटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. बकुळ व हरीन हे त्यांचे दोन मुलगे. सासरची आर्थिक घडी विस्कटल्यामुळे दुर्गाबाईंना अर्थार्जनाचा मार्ग शोधावा लागला. पतीचेही तरुण वयातच निधन झाले आणि मुलांची सारी जबाबदारी त्यांच्यावर आली. त्यांचे चित्रपटांत येणे हौसेपोटी नव्हते, हे त्यांच्या कारकिर्दीचा विचार करताना ध्यानात ठेवावे लागते.

चित्रपट कारकीर्द

मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' (१९३१) या चित्रपटातील छोट्या भूमिकेने त्यांचे पदार्पण झाले. चित्रपट सुमार निघाला आणि चांगल्या घरातील सून पडद्यावर आल्याबद्दल टीकाही झाली. एखादीची कारकीर्द तिथेच संपली असती. परंतु व्ही. शांताराम यांनी 'अयोध्येचा राजा'मधील (१९३२) तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांची निवड केली. कोल्हापुरात चित्रित झालेल्या या बोलपटात गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र होते आणि संगीतही त्यांचेच होते. पार्श्वगायन रूढ झालेले नसल्याने नटनटींना आपली गाणी स्वतःच गावी लागत. दुर्गाबाईंनीही ती गायिली. चित्रपट मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत निघाला आणि त्याच्या यशानंतर सुशिक्षित घरांतील मुलींच्या चित्रपटप्रवेशाला होणारा विरोध थोडा सौम्य झाला. त्याच वर्षीच्या 'माया मच्छिंद्र'मध्ये त्यांनी राणीची भूमिका केली.

त्या काळी कलावंत एकेका कंपनीशी मासिक पगाराच्या कराराने बांधलेले असत. दुर्गाबाईंनी मात्र स्वतःला एका संस्थेपुरते मर्यादित ठेवले नाही. कोलकात्यास जाऊन त्यांनी देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली न्यू थिएटर्सचा 'राजरानी मीरा' (१९३३) व ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा 'सीता' (१९३४) हे चित्रपट केले. 'सीता'मध्ये पृथ्वीराज कपूर राम होते. हा चित्रपट व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला.

त्यानंतर त्या पुन्हा प्रभातकडे आल्या त्या 'अमर ज्योती'साठी (१९३६). यातील सौदामिनी ही त्यांच्या तरुणपणातील सर्वांत वेगळी भूमिका म्हणावी लागेल. स्वतःच्या मुलावरील हक्क कायदा नाकारतो म्हणून राज्यसत्तेविरुद्ध उठून समुद्रावर चाचेगिरी करणारी ही स्त्री आहे. पौराणिक पतिव्रतांच्या भूमिकांनी नाव मिळवलेल्या अभिनेत्रीने ती साकारावी, यात तिच्या अभिनयाचा आवाका दिसतो. पुढे त्यांनी 'सवंगडी' (हिंदीत 'साथी') या चित्रपटाची निर्मितीही केली.

आचार्य अत्रे यांनी लिहिलेल्या आणि गजानन जागीरदार यांनी दिग्दर्शित केलेल्या 'पायाची दासी'मध्ये (१९४१, हिंदीत 'चरणों की दासी') वनमाला यांनी सोशिक सून रंगवली, तर दुर्गाबाईंनी खाष्ट सासू. नायिकेच्या लौकिकाला धक्का बसेल ही भीती त्यांना वाटली नसावी, कारण लगेचच 'भरत मिलाप'मध्ये (१९४२) त्या कैकेयी झाल्या. या दोन्ही भूमिकांसाठी त्यांना बंगाली चित्रपट पत्रकार संघाचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पुरस्कार मिळाले. सोहराब मोदी यांच्या 'पृथ्वी वल्लभ'मधील (१९४३) मृणालवतीही गाजली.

उत्तरकाळात त्या मुख्यतः चरित्र भूमिकांत दिसल्या. के. आसिफ यांच्या 'मुघल-ए-आझम'मधील (१९६०) जोधाबाई, पती आणि पुत्र यांच्यात विभागलेली, आजच्या प्रेक्षकाला बहुधा हीच दुर्गाबाईंची पहिली ओळख असते. जेम्स आयव्हरी यांचा 'द हाउसहोल्डर' (१९६३), 'आनंद', 'अभिमान', 'बॉबी' हे त्यांचे आणखी काही चित्रपट. 'बिदाई'साठी (१९७४) त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

रंगभूमी आणि निर्मिती

मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यशाखेशी त्यांचा निकटचा संबंध होता. 'भाऊबंदकी'तील आनंदीबाई आणि वि. वा. शिरवाडकर यांच्या 'राजमुकुट' या 'मॅकबेथ'च्या रूपांतरातील राणी या त्यांच्या रंगभूमीवरील विशेष गाजलेल्या भूमिका. माहितीपट, लघुपट व जाहिरातपट यांची निर्मितीही त्यांनी अनेक वर्षे केली. आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसावर आधारित 'वागले की दुनिया' ही दूरदर्शनवरील मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच होती. नाट्यदिग्दर्शिका विजया मेहता यांचा पहिला विवाह हरीन खोटे यांच्याशी झाला होता. अभिनेते विजू खोटे व अभिनेत्री शुभा खोटे ही दुर्गाबाईंच्या दिरांची मुले.

आत्मचरित्र व सन्मान

'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचे मराठी आत्मचरित्र. शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आहे. दुर्गाबाईंना १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. भारतीय चित्रपटसृष्टीच्या शताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने २०१३ मध्ये काढलेल्या तिकिटांत त्यांच्या नावाचेही एक तिकीट आहे.